डुकरिणीच्या वाट्याचे लाडू

श्रीगोंद्याजवळच्या आमच्या वस्तीवर मी डुकरं पाळायला लागलो, तेव्हा आईनं एकच अट घातली. घरात त्यांचं नाव काढायचं नाही. म्हणून मी नुसतं 'तिकडं जाऊन येतो' म्हणायचो. शेडकडं ती दोन वर्षांत एकदाही फिरकली नव्हती.

त्या हिवाळ्यात बहीण बाळंतपणाला माहेरी आली. त्याच सुमारास माझी थोरली पांढरी डुकरीणही गाभण होती. मागच्या वेतात तिची चार पिल्लं पहिल्याच दिवशी गारठून मेली होती, म्हणून मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ओट्यावर चहा घेता घेता त्यांनी समजावलं.

"पिल्लाच्या अंगावर जन्मताना चरबी जवळजवळ नसतेच. यकृतात थोडी साखर साठवलेली असते, ती दिवसभरही पुरत नाही. तेवढ्यात उठून दूध प्यालं तर ते जगतं. त्यामुळं शेवटच्या महिन्यात आईच्या खाण्याकडं नीट बघा. थोडी स्निग्धता वाढवा."

आई आत पोळ्या लाटत होती. तिनं शेवटचंच ऐकलं आणि ते बहिणीबद्दल आहे असं धरून चालली. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली, "शाना मानूस हाय. आपल्या पोरीची काळजी हाय त्याला."

कुणाबद्दल बोलणं चाललं होतं ते सांगायचं, तर घरात नाव काढावं लागलं असतं. मी 'तिकडं जाऊन येतो' म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवसापासून बहिणीला रोज दोन लाडू सुरू झाले. खारीक, खोबरं, डिंक, आणि तूप तर बोटांवरून ओघळेल इतकं. मी तिकडं डुकरिणीच्या भरड्यात मोजून तेल घालत होतो.

महिन्याभरानं एका सकाळी डुकरीण व्याली. बारा पिल्लं. तासाभरात सगळी धडपडत उठून आचळांना लागली, एकही गार पडलं नाही. डॉक्टर आले, बघत राहिले, म्हणाले, "भरड्याशिवाय काय देत होता?"

"काहीच नाही."

बहीण शेडच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "दादा, माझे लाडू हीच खात होती. मला तुपाचा वाससुद्धा सहन होत नव्हता."

डॉक्टरांनी खिशातून वही काढली आणि थेट ओट्यावर जाऊन आईला विचारलं, "मावशी, लाडवात काय काय घालता?"

आईनं पदर सारखा केला आणि सगळं प्रमाणासकट सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते. "लई आवडीनं खाती," ती म्हणाली. "एक कण मागं ठेवत न्हाई."

"हो, डुकरिणीला चांगलेच मानवले," डॉक्टर म्हणाले.

आईनं आमच्या मागून ओट्यावर आलेल्या बहिणीकडं बघितलं. बहिणीनं खाली मान घालून सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण आई उठली आणि नाकाला पदर लावून शेडकडं चालू लागली. आम्ही मागोमाग. ती कठड्याला धरून एकेक पिल्लू न्याहाळत होती.

"ती कडंची बारकी हाय. तिला पुढच्या आचळाला लाव."

"बरोबर सांगतायत," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आचळांना दूध जास्त असतं. पण मावशी, हे लाडवांमुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. तेल होतं, उबेला बल्बही होता."

"मग लिवून कशापायी घेतलं?"

डॉक्टरांनी वही खिशात ठेवली.

तीन आठवड्यांनी बहिणीला मुलगी झाली, भाकरी आणि मेथीच्या भाजीवर, चांगली गुटगुटीत. आईला त्याचा आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला. बारसं व्हायच्या आधीच शेजारच्या वस्तीवरचा एक जण, गाभण शेळीसाठी चार लाडू मिळतील का, असं विचारत आला. आईनं त्याला बसायला पाट दिला, चहा टाकला, आणि शेळीला कितवा महिना आहे याची चौकशी केली.