सूनियोच्या टोकावरून बाबांची बोट

मी नववीत असताना आमच्या शाळेची सहल ग्रीसला गेली. रत्नागिरीतल्या शाळेची सहल म्हणजे गणपतीपुळे, फार तर रायगड. त्यामुळे इतिहासाच्या बाईंनी वर्गात ही बातमी सांगितली तेव्हा आम्हाला आधी थट्टाच वाटली. मुंबईच्या एका शाळेच्या गटाबरोबर आमच्यातले बाराजण जाणार होते, दिवाळीच्या सुटीत. मी घरी येऊन नुसतं सांगितलं, हट्ट केला नाही. पण संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा आई त्यांना बोलून गेली, आणि पलीकडून बाबा जवळजवळ ओरडलेच, "ग्रीस? अगो, म्हणजे पिरेअस! आमची बोट लागते तिथे. पाठव तिला."

बाबा बोटीवर असतात. आजोबा मांडवीला मासे मारायचे. बाबांनी होडी सोडली आणि मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागले. नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी. माझ्या चौदा वाढदिवसांपैकी तीनच त्यांच्या वाट्याला आले होते. ते घरी असले की पहिले चार दिवस मी त्यांच्याशी पाहुण्यासारखी बोलायचे आणि जवळीक व्हायला लागली की त्यांची बॅग भरायची वेळ यायची.

निघायला पंधरा दिवस उरले असताना कळलं की त्यांची बोट त्याच आठवड्यात पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात लागणार. आई सकाळी उठून शाळेत गेली आणि बाईंना भेटली. बाई कडक होत्या. सहलीत कुणी एकटं कुठे गेलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी स्वतः तिला बंदराच्या फाटकापर्यंत नेईन." आईने मग करंज्या आणि चकल्या केल्या, वर आंबापोळीची घडी ठेवली आणि तो डबा माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसवला. डबा बाबांसाठी होता. झाकणावर तिने चिकटपट्टी तीनदा फिरवली.

अथेन्समध्ये पहिल्याच दिवशी आम्ही अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर चढलो. बाई इतक्या वर्षांनी पुस्तकातलं सगळं समोर बघत होत्या, बोलता बोलता थांबत होत्या. माझं मात्र लक्ष नव्हतं. तिथून, शहराच्या पलीकडे, समुद्राची एक पट्टी दिसत होती आणि तिच्यावर नांगर टाकलेल्या बोटींचे ठिपके. त्यातला एक बाबांचा होता. त्यांना बोट लावायला बंदरात धक्का मिळाला नव्हता. "आज नाही मिळाला तर उद्या मिळेल," ते फोनवर म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा आवाजावरूनच मला कळलं.

"बाय, बोट इथे लागत नाही. ऑर्डर बदलली. आम्ही तुर्कस्तानला निघालो."

मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. हॉटेलच्या जिन्यात उभी होते, खाली मुलं नाश्त्याला चालली होती.

"रडू नको गो. तुम्ही आज कुठे जाणार?"

मी बाईंनी दिलेला कागद काढून वाचला. सूनियो. समुद्रदेवाचं देऊळ आणि दुपारी पोहणं.

"सूनियो?" बाबांनी विचारलं. "ते टोकावरचं? पांढऱ्या खांबांचं? बाय, आम्ही त्याच्याच समोरून जाणार. तीनच्या सुमारास."

बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, बाबांशी दोन मिनिटं बोलल्या आणि तिथल्या तिथे दिवसाचा कार्यक्रम उलटा केला. आधी पोहणं, मग देऊळ.

देऊळ समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर आहे. छप्पर नाही, भिंती नाहीत, पंधरा-सोळा खांब तेवढे उभे. खाली तिन्ही बाजूंनी पाणी. आमची बस चालवणारा म्हातारा ग्रीक ड्रायव्हरही आमच्याबरोबर वर आला होता, कारण बसमध्ये त्याने सगळी हकीकत ऐकली होती. त्याचा भाऊ आयुष्यभर बोटीवर होता, असं त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तीन वाजून गेले. दोन बोटी गेल्या, दोन्ही लाल. बाबांची निळी होती, चार पिवळ्या क्रेनची.

सव्वातीनला ती दिसली. माझ्या करंगळीच्या पेराएवढी. त्याच वेळी फोन वाजला.

"दिसतंय काय?"

"दिसतंय बाबा. निळी. तुम्ही कुठे आहात?"

"पुढच्या टोकाला. सेकंड ऑफिसरने दुर्बीण दिली आहे. खांब दिसतात. माणसं मुंग्यांसारखी. तू कुठची?"

बाईंनी गळ्यातली लाल ओढणी काढून माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी हलवली, उड्या मारल्या. ग्रुपमधल्या मुलीही हात हलवायला लागल्या. बाबा नुसते "थांब, थांब" म्हणत होते. त्यांना मी सापडत नव्हते आणि बोट तर चाललीच होती.

तेव्हा ड्रायव्हर पुढे झाला. त्याने खुणेनेच आरसा मागितला. बाईंनी पर्समधला छोटा गोल आरसा काढून दिला. म्हाताऱ्याने माझा डावा हात धरून समोर ताणला, दोन बोटं फाकवायला लावली, त्या फटीत बाबांची निळी बोट धरायला सांगितली आणि उजव्या हातातल्या आरशाने उन्हाचा कवडसा त्या दोन बोटांवर पाडायला शिकवलं. कवडसा बोटांवरून सारखा सरकत होता. त्याने मनगट धरून स्थिर केलं.

फोन बाईंच्या हातात, स्पीकरवर होता. आधी नुसता वारा ऐकू आला. मग बाबांचा आवाज फुटला.

"चमकलं! अगो चमकलं! तूच ना? पुन्हा कर!"

मी पुन्हा केलं. मागे कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, टाळ्या वाजत होत्या, बोटीवरची सगळी माणसं तिथे जमली असावीत. बाबा हसत होते, मग हसणं थांबलं आणि त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. "बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं. रोज फोनवर विचारतात तोच प्रश्न. मी "होय" म्हटलं. तेवढ्यात आवाज तुटायला लागला आणि मग गेला.

बोट समोरच्या उघड्या बेटाआड जाईपर्यंत मी आरसा हलवत राहिले. बाईंनी मला थांबवलं नाही. तीन दिवस मुलांना रांगेत उभं करणाऱ्या त्या बाई तिथे दगडावर बसल्या होत्या आणि त्यांनी देवळाबद्दल एक शब्दही सांगितला नाही.

बसजवळ आल्यावर मी डबा उघडला. आईने हे बाबांसाठी केलं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी हात लावेना. मीच पहिली करंजी ड्रायव्हरला दिली. त्याने ती दोन घासांत खाल्ली आणि बोटं चाटली. मग बाकीच्यांनी घेतलं. आंबापोळी मी एकटीने खाल्ली, खिडकीशी बसून, अथेन्स येईपर्यंत थोडी थोडी.

बाबा शिमग्याला घरी आले. त्या वेळी मला चार दिवस लागले नाहीत. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं मांडवीच्या काळ्या वाळूवर बसलो आणि मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवले. पिरेअसला ते नऊ-दहा वेळा गेले होते, पण बंदराच्या फाटकाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. माल उतरवायचा आणि निघायचं. सूनियोचे खांबही त्यांच्या लेखी बंदर जवळ आल्याची खूण, एवढेच होते. ते प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहत होते. खांबाचा दगड हाताला खरखरीत लागतो का, वर वारा किती असतो, तिथे गवत उगवतं का, असलं विचारत होते. मी नंतर पाहिलेल्या डेल्फीच्या देवळाबद्दल सांगायला लागले, तर म्हणाले, "थांब, आधी हेच सांग."

मग त्यांनी विचारलं, "वरून आमची बोट कशी दिसत होती गो?"

"मोठी," मी म्हटलं. "खूप मोठी दिसत होती, बाबा."

ते समुद्राकडे बघत मान हलवत राहिले. खूश दिसले.