भावोजींची न संपणारी बॅटरी

आमच्या भावोजींनी विजेवर चालणारी सायकल घेतली आणि ती विजेशिवाय चालवली. हे सांगितलं की लोक म्हणतात, संजीवनी, तू तिखटमीठ लावून सांगतेस. अहो, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं ब्लाउज शिवायचं दुकान सांभाळून मला तिखटमीठ लावायला वेळ कुठंय? झालं तेच सांगते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुमुदिनीताईचे यजमान. नाव दिनानाथ. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म स्टोअर सांभाळलं. कुणी नवा ब्रश मागायला आला की म्हणायचे, आधी जुना दाखव. जुना दाखवला की म्हणायचे, हा चालेल की अजून. रिटायर झाले तेव्हा कारखाना सुटला, पण स्टोअर घरी आलं. चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, आणि पाहुणे आले की 'एका रात्रीसाठी कशाला' म्हणून परत कपाटात. लग्नात आलेला कपबश्यांचा सेट अजून खोक्यात आहे. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक, पंख्याच्या पात्यांनासुद्धा प्लास्टिक होतं, ते वाऱ्याने फडफडायला लागलं म्हणून ताईने स्टुलावर चढून फाडलं. माणूस वाईट नाही हो. ताईला कधी टाकून बोलले नाहीत, घरात कधी आवाज चढवला नाही. फक्त एखादी वस्तू वापरून संपते, हे त्यांना बघवत नाही.

आता ताईचं सांगते. आमचं माहेर धामणवाडीला, बदलापूरच्या पुढे डोंगरात. रिक्षा फाट्यापर्यंत येते, वर चढायला कुणी रिक्षावाला तयार होत नाही. वर आमचा बाळाजीदादा आणि विठावहिनी असतात. ताईची सगळ्या जन्मात एकच मागणी, माहेरी एक रात्र राहायचं. वहिनीशी गप्पा मारत झोपायचं आणि सकाळी कुणीतरी आयता चहा हातात द्यायचा. जास्त मागितलं का काही? पण त्यांच्या बिल्डिंगला पहाटे पाणी येतं. माहेरी राहायचा विषय निघाला की भावोजी विचारायचे, "आणि पाणी कोण भरणार?" झालं, विषय संपला. सकाळी जायचं, दुपारी जेवायचं आणि हात वाळायच्या आत चपला घालायच्या.

गेली तीन वर्षं तर तेही बंद. भावोजींच्या चष्म्याचा नंबर वाढला तशी त्यांच्या मुलाने, विनीतने, पुण्याहून येऊन स्कूटर विकली, आणि ताईच्या गुडघ्यांना तो चढ झेपेना. वहिनी फोनवर म्हणायची, "वन्सं, आता तुमचा फोटोच लावते भिंतीवर." ताई हसायची आणि फोन ठेवला की डोळे पुसायची. एक दिवस माझ्यासमोर पुसले. माझं डोकंच फिरलं. मी भावोजींना म्हटलं, "तुमचं पिंप भरता भरता माझी बहीण आटून चालली आहे, कळतंय का?"

लागलं त्यांना ते. आठवडा गेला. मग फोन आला, "संजीवनी, तुमच्या उल्हासनगरात घडी होणारी इलेक्ट्रिक सायकल मिळते म्हणे. घडी केली की रिक्षात बसेल, फाट्यावर उघडली की चढ चढेल. तुझ्या ताईला मागे बसवून माहेरी नेतो."

घडीची का, तर त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि सोसायटीचा सेक्रेटरी खाली चार्जिंगला वायर सोडू देत नाही. मला वाटलं, अरे वा, सुधारले की हे! मी त्यांना राजूशेठच्या दुकानात घेऊन गेले. राजूशेठ आमच्या गल्लीतला सिंधी, पाळण्यापासून ट्रेडमिलपर्यंत सगळं विकतो. त्याने खटॅक खटॅक करून सायकलची घडी केली, पुन्हा उघडली. भावोजी म्हणाले, परत करा. त्याने परत केली. भावोजींनी बिजागरीला कान लावला. मग म्हणाले, परत करा. राजूशेठ घामाघूम झाला.

"साईं, सायकल है, छत्री नहीं है," तो म्हणाला.

"जितनी बार घडी, उतना बिजागरी घिसेगा ना?" भावोजी म्हणाले. "और ये बॅटरी कितने साल जाएगी?"

"आप कितना चलाते हो उसपे है."

हे वाक्य राजूशेठने बोलायला नको होतं. भावोजींचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, "मतलब मोटर बंद रखके भी चलती है?"

"चलती है. लेकिन फिर लेने का काय को?"

भावोजींनी लगेच घेतली. मागे ताईसाठी गुबगुबीत सीट बसवून घेतली. राजूशेठ प्लास्टिक काढायला लागला तर त्यांनी त्याचा हात धरला.

मग महिनाभर ती सायकल दाराच्या मागे घडी घालून, चादर पांघरून झोपली होती. हँडलवर एक काच आहे, चावी फिरवली की त्यात पाच काड्या दिसतात. पाच म्हणजे फुल्ल. भावोजी रोज सकाळी चावी फिरवून काड्या मोजायचे, पाच असल्या की चावी काढायचे. सराव म्हणून भाजीला जायचे ते मोटर बंद ठेवून. तेवढ्याशा चाकांवर गुडघे छातीला लावून पॅडल मारायचे, आणि घरी आले की सायकल चार्जिंगला लावायचे.

"अहो, वापरलीच नाही तर भरताय काय?" ताई विचारायची.

"फुल्ल झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही. नियम म्हणजे नियम," ते म्हणायचे.

शेवटी थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा दादाने जेवायला बोलावलं. रविवार होता, मीही निघाले. रिक्षात घडीची सायकल भावोजींच्या मांडीवर, ताईच्या मांडीवर करंज्यांचा डबा. फाट्यावर उतरलो, सायकल उघडली, आणि भावोजींनी काच दाखवली. पाच काड्या.

"बस," ते ताईला म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका रुबाब होता की ताई नव्या नवरीसारखी लाजली. दोन्ही हातांनी डबा धरून मागे बसली. टायर बिचारा चपटा झाला. मी मागून चालत.

सायकल निघाली, पण मोटरचा आवाज येईना. भावोजी उभे राहून पॅडल मारत होते.

"अहो, चालू करा ना ती!" ताई म्हणाली.

"हा कसला चढ? खरा चढ पुढे आहे. त्याच्यासाठी ठेवलीय."

मी चालत आणि ते इलेक्ट्रिकवर, आणि तरी मलाच दर थोड्या वेळाने थांबून त्यांची वाट बघावी लागत होती. पहिल्या वळणावर दादाचा शेजारी भगवंत म्हैस घेऊन खाली येत होता. त्याने म्हैस बाजूला घेतली आणि काळजीने विचारलं, "काय दाजी, गारी बंद परली का?"

"बंद नाही," भावोजी धापा टाकत म्हणाले. "शिल्लक ठेवलीय."

भगवंताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघू नको, म्हैस सांभाळ."

पुढे रस्ता छाताडावर आला. सायकलचं तोंड वर झालं आणि सीटवरच्या त्या प्लास्टिकवरून माझी ताई मागे सरकायला लागली. हात डब्याला, त्यामुळे धरायचं कशाला? हळूहळू सरकत, सरकत, ती शेवटी मांडी घातल्यासारखी अलगद रस्त्यावर येऊन बसली. डब्याचं झाकणसुद्धा हललं नाही. तोंडातून शब्द फुटला नाही, इतकी ती थक्क झाली होती.

आणि भावोजी? ओझं उतरल्यावर सायकल सुटलीच भरधाव! वळणावरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "बघितलंस कुमुद? म्हटलं नव्हतं, खरा चढ अजून आलाच नाही! उगाच मोटर वाया गेली असती!" रिकाम्या सीटशी बोलत गेले वरपर्यंत.

मी रस्त्यात पोट धरून हसत होते. ताई हसत नव्हती. ती उठली, लुगडं झटकलं, डबा माझ्या हातात कोंबला आणि चालायला लागली. मी म्हटलं, ताई, गुडघे! ती म्हणाली, "गुडघे गेले खड्ड्यात." तीन वर्षं ज्या चढाचा तिने धसका घेतला होता तो चढ ती रागाच्या भरात अशी चढली की मला मागे पळावं लागलं.

वर दादाच्या अंगणात भावोजी सायकलला टेकून उभे. विठावहिनी दारात कंबरेवर हात ठेवून विचारत होती, "वन्सं कुठंयत?" भावोजी मागे वळून सीट बघत होते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात ताई आली. चेहरा लालबुंद, केस सुटलेले.

"वन्सं, चालत आलात?" वहिनी म्हणाली.

एवढं मोठं सायकलचं कौतुक महिनाभर फोनवर सांगून झालेलं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अशा वेळी आमच्या भावोजींनी काय बोलावं? काचेकडे बोट दाखवून म्हणाले, "कुमुद, पण पाचच्या पाच आहेत बरं का!"

"चावी द्या," ताई म्हणाली.

"कशाला?"

"द्या म्हणते ना!"

लहानपणी दादाची सायकल पळवून आम्ही दोघी अख्खी वाडी फिरायचो, ते भावोजींना काय माहीत. ताईने सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. भावोजी 'अगं अगं' म्हणेपर्यंत तिने पदर खोचला, चावी फिरवली, मोटरचा कान पिरगाळला आणि सायकल भुर्रकन अंगणाबाहेर! उताराला लागली, फाट्यापर्यंत गेली, आणि तोच चढ बसल्या बसल्या, पॅडलला पाय न लावता परत वर आली. भगवंताच्या म्हशीलासुद्धा मागे टाकलं. "वहिनी, बसा!" म्हणाली. वहिनी बसली. मग वाडीची पोरं एकेक करून. देवळापर्यंत, तळ्यापर्यंत, पुन्हा फाट्यापर्यंत. भावोजी मागे धावतायत, "चार राहिल्या! कुमुद, तीन! अगं दोनच राहिल्या गं!" दादा ओट्यावर बसून टाळ्या वाजवत होता. शेवटी देवळासमोर सायकल थांबली ती थांबलीच. काच काळी. ताई खाली उतरली, हँडल भावोजींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "संपली. आता ढकला."

मी तर म्हणते, बरी जिरली!

जेवायला बसलो तेव्हा भावोजींचं लक्ष ताटात नव्हतं. सायकल स्वयंपाकघराच्या दाराशी चार्जिंगला लावली होती. मी म्हटलं, "भावोजी, जाताना उतारच आहे, बॅटरी कशाला हवी?" तर म्हणाले, "फुल्ल झाल्याशिवाय काढायची नाही. संध्याकाळपर्यंत होईल, मग निघू. सकाळी पाणी आहे." ताईने मान खाली घातली आणि भात कालवत राहिली. एवढा पराक्रम करूनसुद्धा तिच्या वाट्याला पुन्हा तीच संध्याकाळ येणार होती. मला इतका राग आला की कोंबडीचा रस्सासुद्धा गोड लागेना.

दुपारी वहिनी आणि ताई पडवीत लवंडल्या. काय बोलत होत्या देव जाणे, पण ताई अशी खिदळत होती, अशी की मी तिला तसं हसताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी पाणी प्यायला आत गेले तर भावोजी सायकलपाशी उभे. पिन त्यांच्या हातात होती. वहिनीने वाटण काढायला मिक्सर लावला होता, घरात तेवढंच एक धड बटण, म्हणून चार्जिंगची पिन उपटून फळीवर टाकली होती. जेवणाच्या आधीपासून ती तशीच पडलेली. सायकल तसूभरसुद्धा भरली नव्हती.

मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. मी दाराआड थांबले.

भावोजींनी पिन बघितली, भिंतीतलं भोक बघितलं. मिक्सर बाजूला सरकवला. तेवढ्यात पडवीतून पुन्हा ताईचं हसणं आलं. भावोजींनी मान वळवून पडवीकडे बघितलं. मग त्यांनी पिन होती तशी फळीवर ठेवली, वायर नीट गुंडाळली, आणि बाहेर जाऊन ताईसमोर उभे राहिले.

"एकच काडी भरलीय," ते म्हणाले. आयुष्यात स्टोअरचा एक खिळा कधी खोटा न लिहिलेला माणूस! "आज काही निघणं होत नाही. सकाळी बघू."

ताई उठून बसली. तिला खरंच वाटेना. "आणि पाणी हो?"

"पाणी काय," भावोजी म्हणाले, "परवासुद्धा येतं."