जहाजांचा दगड मी अजबखान्याला दिला

मला लिहिता येते ते जेमतेम. तरी हे मीच लिहितो आहे, दुसऱ्याला सांगून लिहवून घेत नाही. चुकले असेल ते माझे.

आगगाडी सुरू झाली तसे कल्याणचे बंदर ओस पडत गेले. बंदरावरचे जकातीचे नाके रिकामे झाले, त्यात कबुतरे राहू लागली. शाळेच्या मास्तरांनी ती जागा मागून घेतली आणि तिथे गावाचा अजबखाना मांडला. मुंबईत साहेबाचा मोठा अजबखाना आहे, तिथे लांबलांबच्या देशांच्या वस्तू आहेत म्हणतात. आमच्याकडे लोकांनी घरातून आणून दिले तेवढेच. गंजलेला नांगर, फिरंग्यांच्या वेळची तडा गेलेली घंटा, कोणाच्या पणजाचे होकायंत्र, मिठाची जुनी मापे. आधी लोक हसले. समोरचा न्हावी म्हणायचा, "मोडकं घरात ठेवलं की अवदसा, नि नाक्यात ठेवलं की अजबखाना." पण पुढे बाजाराच्या दिवशी तोच गिऱ्हाईक सोडून आत यायचा. होड्यांवरचे म्हातारे तांडेल घंटेपाशी बसून कोणत्या वादळात कोणाचा पडाव फुटला यावर भांडायचे. मापावरून तंटा झाला की मी जुनी पायली काढून समोर ठेवायचो, मग दोघेही गप्प.

मी तिथला राखणदार. त्याआधी सगळा जन्म मिठागरात गेला. आमच्या मिठागराच्या बांधावर एक दगड उभा होता. माझ्या छातीएवढा उंच, आणि शेंदराने इतका माखलेला की आत काय आहे ते आमच्या चार पिढ्यांत कोणी पाहिले नव्हते. रुप्याचे दोन डोळे तेवढे दिसायचे. खाडीत बुडालेल्याचे प्रेत मिळाले नाही, तर घरच्या बाईने अवसेच्या भरतीला, ऊन कलताना, त्या दगडापुढे दिवा लावायचा आणि चिमूटभर तांदूळ ठेवायचे. गेलेला माणूस तेवढ्यापुरता वर येतो आणि आपले घर कोणत्या अंगाला आहे ते पाहून जातो, असे आमच्यात मानतात. दगडाला शेंदूर लावायचा मान आमच्या घराण्याचा.

आमचा थोरला मुलगा मीठ घेऊन ठाण्याला निघाला आणि वाऱ्यात होडी उलटली. होडी मिळाली. तो मिळाला नाही. तेव्हापासून माझी बायको दर अवसेला बांधावर जायची. पावसात दिवा टिकायचा नाही, तेव्हा पदराआड धरून भरती उतरेपर्यंत बसायची. मी तिच्याबरोबर एकदाही गेलो नाही. मला ते बघवत नव्हते. पण सांगताना मी सांगायचो की कामे पडली आहेत.

मी राखणदार झालो त्याच वर्षी मास्तर बांधावर आले. दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "याच्या आत जहाजं कोरलेली असणार. असा एक दगड मी पाहिलाय. तुमच्या वाडवडिलांच्या लढाया आहेत यात." मग म्हणाले, "अजबखान्याला दिलास तर खाली पाटी लावू. तुझ्या नावाची."

माझे नाव तेवढे मला नीट वाचता यायचे. मास्तरांनीच शिकवले होते. ते नाव रंगाने लिहिलेले, येणारेजाणारे वाचताहेत, असे माझ्या डोळ्यांपुढे आले.

"घरी विचार पण," मास्तर म्हणाले.

"मान आमच्या घराण्याचा आहे. बाईला काय विचारायचं?"

बायको डोंबिवलीला भावाकडे आठ दिवस गेली होती. ते आठ दिवस मी साधले. चार गड्यांनी दगड होडीत घातला आणि भरतीवर बंदरात आणला. शेंदराची खोळ आपली आपण गळाली तर ती नारळ वाहून खाडीत सोडतात. माणसाने हाताने काढायची नसते. मी काढली. कढत पाणी ओतले, काथ्याने घासले, लाकडाची पाचर घालून ढलपे उचकटले. एकाखाली एक थर निघत होते. वरच्या थरांत तांदूळ रुतलेले होते. ते कोणाचे हे मला कळत होते आणि तरी हात थांबला नाही. सगळे टोपलीत भरून खाडीत ओतले. रुप्याचे डोळेही त्यातच गेले.

आत खरोखर जहाजे होती. वल्ह्यांच्या ओळी, भाले घेतलेली माणसे. सगळ्यात खाली एका जहाजावरून एक माणूस डोके खाली, पाय वर असा पाण्यात पडत होता. बोटभर असेल. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दिल्याच्या कागदावर माझी सही घेतली आणि पाटी लागली.

पुढच्या अवसेला बायको बांधावर गेली. तिथे खड्डा होता. तशीच दिवा घेऊन ती बंदरावर अजबखान्यात आली. आत दोन तांडेल बसले होते.

"दगड कुठं हाय?"

"हा काय."

तिने वरपासून खालपर्यंत पाहिले. "ह्यो नाय. ह्याला तोंड कुठं हाय?"

"शेंदूर काढला. आत असा होता."

ती खाली बसली आणि पदरातून पणती काढली.

"इथं दिवा लावायचा नाही," मी म्हणालो. "तेलाचे डाग पडतात. मास्तरांनी लिहून ठेवलंय."

"मास्तरांचा पोर हाय का पान्यात?"

एक तांडेल खाकरला. मला वाटले, तो हसला. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

तिने पणती परत पदरात घेतली. उठता उठता तिला तो खालचा माणूस दिसला. त्याच्यावर बोट ठेवून तिने विचारले, "ह्यो कोन?"

"जुन्या राजाचा शिपाई."

"ह्याचीबी होडी उलटली?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "झिजतं ते."

तिने हात काढला. पदराला पुसला, आणि गेली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. जेवायला वाढायची, मासळीचे बोलायची, पावसाचे बोलायची. पणती कोनाड्यात कोरडी पडून राहिली. किल्ली माझ्याच कमरेला होती. दुपारी अजबखान्यात कोणी नसायचे. 'चल' एवढे म्हणायचे होते. दर अवसेला मला वाटायचे, तिने एकदा तरी विचारावे, मग मी नाही म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षी ती तापाने गेली. शेवटच्या दिवसांत एकदा तिने विचारले, "आज भरती कवा हाय?" मी वेळ सांगितली. तिने कूस बदलली.

तिचे दिवस घातल्यावर मी दगड परत मागितला. मास्तर बदलून गेले होते. गावचे पंच म्हणाले, "दिलेली वस्तू गावाची झाली. सही तुझी आहे. नि पाटी कोणाला हवी होती?" यात खोटे काही नव्हते. मी झाडू उचलला आणि कामाला लागलो.

गेल्या वर्षी अवसेच्या दुपारी ठाण्याकडची एक बाई आली. नवरा खाडीच्या तोंडाशी बुडालेला. कोणीतरी तिला सांगितले होते की बांधावरचा दगड आता इथे आहे. तिच्या पदराखाली पणती होती, ती मला दिसली. ती काही मागण्याआधीच मी म्हणालो, "लाव, बाई." कवाड लोटून घेतले आणि तिथेच उभा राहिलो. तिने दिवा लावला, तांदूळ ठेवले. मग त्या खालच्या माणसावर बोट फिरवत बसली. मी तिला अडवले नाही.

भरती उतरल्यावर ती उठली. "तुमचं कोनी हाय का पान्यात, बाबा?"

"मी राखणदार आहे," मी म्हणालो.

तिने पाटीकडे पाहिले. "ह्या पाटीवर काय लिवलंय?"

"मला वाचता येत नाही, बाई."

ती गेल्यावर मी ओल्या फडक्याने जमिनीवरचे तेल पुसले. तांदूळ तेवढे राहू दिले.