दारावरचं नाव

आमच्या चर्चमध्ये देवाला दिलेल्या प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव असे. पंख्यांच्या पात्यांवर, घड्याळाच्या काचेखाली, बाजाच्या पेटीवर, बाकांच्या पाठींवर, इतकंच काय, पाण्याच्या पिंपावरही. बाकांवर बहुतेक ख्रिस्तवासी, म्हणजे वारलेल्या मंडळींची नावं होती, त्यामुळे गीत म्हणायला उभं राहिलं की समोर कुणाच्या तरी आजोबांचं स्मरण डोळ्यांत भरे. पंखे फिरायला लागले की पात्यांवरची नावं दिसत नसत. पण रत्नागिरीत वीज वरचेवर जायची, तेव्हा त्या दात्यांचीही आठवण राहायची.

माझ्या आईचं नाव ती गेल्यावरही कशावरच नव्हतं. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती. बाळंतिणींचं करायची, नवजात पोरांना आंघोळी घालायची, फरशी पुसायची. घरी भाताला तांदूळ मापून घेतले की त्यातली एक मूठ ती बाजूला काढून खुंटीवरच्या कापडी पिशवीत टाकी. महिन्याच्या पहिल्या रविवारी बायका अशा पिशव्या चर्चला नेत, आणि ते तांदूळ ज्यांच्या घरात चूल पेटत नसे त्यांच्याकडे जात. आमच्या घरातही ती जेमतेमच पेटायची. ती मूठ माझ्या ताटातली होती असं मला लहानपणी वाटायचं आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. पण तांदळावर नाव घालता येत नाही.

मी शाळा अर्धवट सोडून कौलं उतरवायच्या कामाला लागलो. पुढे पाडायला काढलेल्या घरांचं सामान विकत घेऊ लागलो. वासे, खांब, दारं, खिडक्या, जे निघेल ते. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमारास मुंबईचा पैसा गावोगाव येत होता आणि ज्याला त्याला स्लॅब हवा होता. लोक चांगलं लाकूड कचऱ्यासारखं बघत आणि मी त्यांना तसंच बघू देई. भाव करण्यात माझा हात धरणारा या तालुक्यात नव्हता. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक घरून जेवून यायचं, कारण किती वेळ लागेल याचा नेम नसे.

नाटे गावी एका घरात मला फणसाच्या लाकडाचं दार मिळालं. दोन फळ्यांचं, पितळी कड्या असलेलं, बोट फिरवलं तर सांधा लागू नये असं. घरमालक दोन दिवस माझ्याशी भांडला आणि शेवटी कंटाळून हो म्हणाला. त्याच सुमारास चर्चच्या दाराला वाळवी लागल्याचं पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून जाहीर केलं. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, दार मी देणार, आणि वरच्या पट्टीवर आईचं नाव कोरणार.

दार तासून, तेल पाजून, टेम्पोत घालून चर्चच्या आवारात नेलं, तर तिथे नवीनच बातमी. आदल्या आठवड्यात पंचकमिटीने ठराव केला होता की यापुढे दानाच्या वस्तूंवर नावं घालायची नाहीत. व्यासपीठावरच्या पंख्यावर कुणाचं नाव असावं यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं, म्हणून हा ठराव. जुनी नावं मात्र राहणार, कारण ती पुसली तर भावना दुखावतील. म्हणजे इतकी वर्षं देवाला नावं चालत होती आणि ती नकोशी झाली ती नेमकी माझं दार आल्यावर.

ठराव मांडणारे कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त गुरुजी. मी तडक पाळकसाहेबांच्या ओटीवर गेलो. गुरुजी तिथेच चहा पीत बसले होते.

"सलाम," मी आमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे म्हटलं. "बाहेरच्या बाजूला नाव नको ना? मग आतल्या बाजूला कोरतो."

"आतच तर मंडळी बसतात," गुरुजी म्हणाले. "बाहेरच्यापेक्षा जास्त वाचलं जाईल."

"मग अगदी खालच्या पट्टीवर. चपला काढायला वाकेल त्यालाच दिसेल."

"ठराव सगळ्या पट्ट्यांना लागू आहे."

"बिजागरीच्या मागे?"

"तिथे कोण वाचणार?" पाळकसाहेबांनी विचारलं. चेष्टेने नव्हे, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"देव वाचेल."

"मग त्याच्यासाठी कोरायची काय गरज?"

आमच्या धंद्यात समोरचा हलत नसला की उठून चालू लागायचं असतं. आपण फाटकापर्यंत पोचायच्या आत तो हाक मारतो. मी उठलो, चालू लागलो, फाटक उघडलं, मुद्दाम जरा आवाज करून लावलं. कुणी हाक मारली नाही. मागे गुरुजींनी बशीत चहा ओतल्याचं तेवढं ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. दार परत टेम्पोत घातलं आणि वखारीत आणून टेकवलं.

"देवाला दिलेलं परत आणलंत?" बायकोने विचारलं.

"दिलं नव्हतं. बोलणी चालू होती."

चर्चच्या दाराला त्यांनी पत्रा ठोकला. पावसाळाभर मी त्या पत्र्यातून उपासनेला जात होतो आणि प्रत्येक रविवारी मला तो बघून बरंही वाटत होतं आणि लाजही. आरे-वारेच्या बाजूला एक जण हॉटेल बांधत होता, त्याने फणसाच्या दाराला मी स्वतः मागितला असता त्याहून जास्त भाव सांगितला. मी नाही म्हटलं. त्या दिवशी बायकोने कालवणातला बांगड्याचा मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला.

भात कापून झाल्यावर आमच्याकडे हंगामाचा सण असतो. घरोघरचं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवायचं: भात, नारळ, सुपारी, केळी, भोपळे. ज्याला शेत नाही तो कोंबडी आणतो, नाहीतर घरी केलेला केक. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो आणि येईल ते चर्चला. कुणी घेतलेली वस्तू पुन्हा देवाला म्हणून परत देतो आणि मग ती पुन्हा विकली जाते. एकच कोंबडी दुपारपर्यंत चार घरांची झालेली मी पाहिली आहे. या लिलावात प्रत्येक बोलीबरोबर देणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारायची जुनी रीत होती, आणि पुकारायचं काम वर्षानुवर्षं करत होते आमचे गुरुजी, कारण तसा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता.

हे लक्षात आलं तेव्हा मी वखारीत एकटाच हसलो. ठराव वस्तूंवरच्या नावांचा होता. तोंडातल्या नावांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

सणाच्या सकाळी चार माणसं लावून दार चर्चच्या आवारात आंब्याला टेकवून उभं केलं. भोपळे संपले, केक संपले. गुरुजी दाराशी आले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"कुणाकडून म्हणून पुकारू?"

मी आईचं नाव सांगितलं. तिचं, वडिलांचं, आडनावासकट. गुरुजींचा चेहरा जरा आंबट झाला, पण रीत म्हणजे रीत. त्यांनी खणखणीत आवाजात पूर्ण नाव पुकारलं. आमच्या आडनावाची मंडळीत बरीच घरं, त्यामुळे त्यावरून कुणाला काही कळायला मार्ग नव्हता.

लोक एकमेकांकडे बघत होते.

"ही कोण गो?" मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई शेजारणीला विचारत होत्या.

"कोण जाणे. बदलीवर आलेलं कोणी असेल."

"अकरा रुपये," बँकेतला एक कारकून म्हणाला. त्याला दार नकोच होतं, लिलाव पुढे सरकावा म्हणून बोलला.

"अकरा रुपये, एकवार," गुरुजींनी पुन्हा नाव घेत पुकारलं.

अकरा रुपयांत त्या दाराची एक कडी आली नसती. मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तूला नावं ठेवून भाव पाडत आलेल्या माणसाला आपल्या वस्तूचा भाव पडताना बघवत नाही. "शंभर," मी ओरडलो. लोक हसले. आपल्याच दाराला बोली लावणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग माझा तोल गेला. "हसताय काय? इथल्या निम्म्या लोकांना जन्मल्यावर पहिली आंघोळ जिने घातली, तिचं नाव ठाऊक नाही तुम्हाला?"

नर्सबाई काठी टेकत पुढे आल्या. "आयाबाई? अरे, आयाबाईंचं नाव ते?"

"मग काय 'आयाबाई' म्हणून बारसं झालं होतं तिचं?"

"तिच्याबरोबर सतरा वर्षं ड्यूटी केली रे मी," त्या म्हणाल्या. "कधी विचारलंच नाही." आणि गुरुजींकडे वळून, "दीडशे."

त्यानंतर बोली थांबेना. ज्यांना दाराशी काही देणंघेणं नव्हतं ते हात वर करू लागले. दोघी-तिघींनी मिळून बोली लावली. कारकून घरी विचारून पुन्हा आला, त्याचा जन्म तिथलाच निघाला. प्रत्येक वेळी गुरुजी संपूर्ण नाव घेत होते. मला तिथे थांबायला हवं होतं. पण माझं दार दुसरा कुणी नेतोय हे मला सहन होईना, आणि मी आरे-वारेच्या हॉटेलवाल्याने सांगितलेल्या भावाच्याही पुढे गेलो. गुरुजींनी तीनदा पुकारून दार मला दिलं. सगळ्या तालुक्यात कुणी मला असं फसवलं नव्हतं.

"आता तुमचं झालं," पाळकसाहेब म्हणाले. "नेणार असाल तर टेम्पोला माणसं देतो."

आवारातली सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. बोलणी सुरू करायला याहून चांगली वेळ नव्हती. मी तोंड उघडलं आणि बायकोने कोपर मारलं.

"पुन्हा देवाला," मी म्हटलं.

दार बसलं. नाव कोरलेलं नाही. पण तेव्हापासून जो तो त्याला आयाबाईंचं दार म्हणतो. आयाबाईंच्या दाराशी छत्र्या ठेवा, आयाबाईंच्या दारातून वरात आत येईल. मी प्रत्येकाला टोकतो की तिला नाव होतं. ते मान डोलावतात आणि पुढच्या वाक्यात पुन्हा आयाबाई.

दुसऱ्या पावसाळ्यात लाकूड फुगलं, दार लागेना, म्हणून मी रंधा घेऊन गेलो. गुरुजी माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते, कामावर लक्ष ठेवायला.

"तुम्हाला तरी आठवतं का, तिचं नाव काय ते?" मी विचारलं.

गुरुजींनी ते सांगितलं. तिचं, वडिलांचं, आडनावासकट, एकही अक्षर न चुकता.

"मग कमिटीत पुन्हा मांडा ना."

"ठराव कायम आहे," गुरुजी म्हणाले. "खालून अजून जरा तासा. घासतंय."