डिक्शनरीचे चार जहागीरदार

चार मास्तर रोज एकत्र बसले, की किस्से आपोआप साठतात. तांदळात किडे होतात तसे. कुणी मुद्दाम घालत नाही, पण निवडत मात्र बसावं लागतं!

नांदेडच्या एका शाळेत आम्ही चौघे मास्तर होतो. मी, उर्दू शिकवणारे युसूफभाई, गणिताचे दत्तोपंत आणि सगळ्यांत तरुण नारायण. निजामाचं राज्य. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. इंग्रजी मॅट्रिक पास होण्यापुरतं घोकलेलं. त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

मग चाकूरच्या एका लग्नात नारायणानं इंदूला पाहिलं, आणि अडलं!

इंदू लातूरच्या एका वकिलांची मुलगी. सोलापूरला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली. आम्ही मागणी घातली, तर वकिलांनी निरोप धाडला, "पोरीपेक्षा जावयाचं इंग्रजी कमी कसं चालंल? मी स्वतः पारखून घेणार हाय." याआधी दोन स्थळं त्यांनी इंग्रजीपायीच परत पाठवली होती. नारायणाचं अन्नपाणी सुटलं.

"ती न्हाई तर कुणीच न्हाई," म्हणाला.

आम्ही म्हणालो, "रोज एक अवघड शब्द पाठ कर. आम्हीपण करतो तुझ्यासंगं." दोस्तीत एवढं करावंच लागतं.

* * *

डिक्शनरी एकच, आणि संध्याकाळी ती चौघांनाही हवी. दत्तोपंतांनी गणिती तोडगा काढला. डिक्शनरी उचलून बाइंडरकडे नेली आणि तिचे उभे चार तुकडे करून बांधून आणले! ए ते डी मला, ई ते एल युसूफभाईंना, एम ते आर दत्तोपंतांना आणि शेवटचा एस ते झेड नारायणाला. तीन महिन्यांनी अदलाबदल करायची, असं ठरलं.

ती कधी झालीच नाही. हाती आलेली जहागीर कोण सोडतो?

* * *

एकदा आभाळ भरून आलं होतं. मी सहज म्हणालो, "आज फार ग्लूमी आहे."

युसूफभाई ताडकन उठले. "जी हमारा है भाई! इजाजत लिये क्या?"

मी मुकाट्यानं परवानगी घेतली. तेव्हापासून कायदाच झाला. दुसऱ्याच्या अक्षराचा शब्द विचारल्याशिवाय वापरायचा नाही, मग तो मॅट्रिकचा साधा शब्द का असेना. 'इज', 'अँड', 'द' हे तेवढे गायरान, कुणीही चरावं! 'गुड मॉर्निंग'ला दोन जहागीरदारांची परवानगी लागू लागली, तेव्हा आम्ही 'आदाब'वरच भागवलं.

* * *

दत्तोपंतांना एकदा थंडी वाजून ताप आला. दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "काय होऊन राहिलं?"

दत्तोपंत कण्हत म्हणाले, "पायरेक्सिया."

कंपाउंडर चार पावलं मागं सरला. बाकावरची माणसं उठून अंगणात गेली. डॉक्टर धावत आले, नाडी पाहिली आणि भडकले, "अहो मास्तर, नुसता ताप हाय की! फीवर म्हणायला काय झालं होतं?"

"फीवर युसूफभाईंच्या हद्दीत येतो," दत्तोपंत म्हणाले. "ते हदगावला गेलेत."

* * *

हेडमास्तरांची बदली झाली. निरोपाची भाषणं इंग्रजीत करायचं आम्ही ठरवलं. एवढी कमाई करून ठेवली होती, ती दाखवायची कधी? मी त्यांना ॲफेबल आणि बेनेव्हलंट म्हणालो. युसूफभाईंनी जीनियल, दत्तोपंतांनी मॅग्नॅनिमस म्हटलं, आणि नारायणानं व्हेनरेबल म्हणून शेवट केला. शाळा थक्क!

हेडमास्तर उत्तराला उठले. "चौघं मिळून बोलले ते बरं केलं. एकट्यानं कुणी बोललं असतं, तर मी अर्धवटच राहिलो असतो."

* * *

शेवटी लातूरचं बोलावणं आलं. नारायणाला एकट्याला पाठवायला आमचं मन होईना. अहमदपूरवरून मोटारीनं, धूळ खात, चौघेही गेलो. वाटभर नारायण एस ते झेड पुटपुटत होता. आम्ही मात्र निर्धास्त होतो. त्या तुकड्यात त्याला मागं सारणारा माणूस उभ्या मराठवाड्यात नव्हता!

वकिलांनी बैठकीत बसवलं. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. नारायणाचे कान लाल झाले. वकिलांनी इंग्रजीतच सुरुवात केली. स्वभाव कसा आहे, ते सांगा म्हणाले.

नारायण सुटला. "सिन्सिअर, सोबर, टेम्परेट, ट्रस्टवर्दी, अनअस्युमिंग, व्हेरॅशस, झेलस!"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. शेवटचे दोन शब्द त्यांनाही नवे असावेत. दत्तोपंतांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. जिंकलं पोरानं!

"व्हेरी गुड," वकील म्हणाले. "अँड अँबिशन?"

नारायणानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून परवानगी देत होतो, डोळ्यांनी देत होतो, पण पोरगं इतकं घाबरलेलं, की त्याला काही दिसेना. शेवटी तो सरळ मराठीत म्हणाला, "वकीलसाहेब, अँबिशन माझ्याकडं न्हाई. ते यांच्याकडं हाय."

आणि बोट माझ्याकडे!

वकिलांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मला तीन पोरं होती. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. मी उठलो आणि बाइंडरपासून हद्दीच्या कायद्यापर्यंत सगळी हकीकत सांगून टाकली. युसूफभाई मध्येमध्ये "सच है साब" म्हणत होते.

वकिलांचा चेहरा उतरत गेला. "म्हंजे नवरा मुलगा पाव डिक्शनरीचा?"

"हाव," नारायण म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मला स्वतःचाच राग आला. पोराच्या सुखासाठी शब्द शिकायला बसलो, आणि जहागिऱ्या सांभाळत राहिलो!

"मग बाकीची तीन हिस्से डिक्शनरी लागली, तर माझ्या पोरीनं काय करायचं?" वकिलांनी विचारलं.

दाराआडून पदर सावरत इंदू बाहेर आली. तिनं नारायणाकडे पाहिलं, मग रांगेनं आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि वडिलांना म्हणाली,

"अण्णा, रुखवतातलं पातेलं तेवढं मोठं घ्या. हे तिघं रोज चहाला येणार."