पॅनेलखालची सावली

आमच्या तीन मजली सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवली, तेव्हा फाटकाजवळच्या उंच कडुनिंबाची सावली त्यांच्यावर पडायची म्हणून आम्ही तो तोडला. ठरावावर माझीही सही आहे.

त्या झाडाखाली वर्षानुवर्षं इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या सुमनबाई आज भर उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, कोळशाची इस्त्री फिरवत होत्या. कपडे देताना मी नजर चुकवली.

त्याच म्हणाल्या, "ताई, विजेचं बिल कमी झालं म्हणे तुमचं. बरं झालं."

टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. निसर्ग वाचवायची आम्हाला एवढी घाई, की त्यात झाडच आड आलं! आता आमच्याकडे दाट सावली फक्त गच्चीवर, पॅनेलखाली पडते. गच्चीच्या दाराला कुलूप असतं.