माठाखालची बाटली

आमच्या पिंपळनेरकडच्या उतारावर वाइनची द्राक्षं लावली तेव्हा गाव हसलं. मणी बारीक, काळे, साल जाड, आत नुसत्या बिया. एकदा तोंडात टाकणारा दुसऱ्यांदा हात लावत नसे. मी जळगावकडची, केळीच्या बागांत वाढलेली. मलाही त्या किरकोळ वेली बघून हसूच आलं होतं. पण कंपनीच्या माणसानं आमच्या ह्यांना सांगितलं, की मुरमाड जमीन, दिवसाचं कडक ऊन आणि डोंगरावरून उतरणारा रात्रीचा गारवा मिळाला की भारदस्त लाल वाइन होते. 'भारदस्त' हा शब्द ह्यांना फार आवडला. मग आमच्या घरात चहा, आमटी आणि पाहुणे, सगळंच एकतर भारदस्त नाहीतर पुचाट ठरू लागलं.

गंमत अशी, की हे माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे आपल्याच द्राक्षांच्या वाइनचा थेंब चाखायची सोय नाही. पहिल्या खुडणीच्या वाइनची एक बाटली कंपनीनं भेट दिली होती. ती आडवी आणि गार ठेवायची असं कळल्यावर ह्यांनी ती स्वयंपाकघरात माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. ना कुणाला दिली, ना कुणाला दाखवली. पाणी भरताना तेवढी वाळू बाजूला सारून बघायचे आणि म्हणायचे, "कशी लागत व्हई वं, कोन जाने!"

"माळ काढा आणि बघा," मी चिडवायची.

"तू भी ना," म्हणत हे वाळू सारखी करायचे. असं नऊ वर्षं चाललं.

मागच्या हिवाळ्यात ह्यांना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. एका तपासणीआधी नर्सनं माळ उतरवून माझ्या हातात दिली. हे गळा चाचपत म्हणाले, "आते माळ नही गयामा. घरनी बाटली आन ना. जिभले लावसू फक्त."

काय खावंसं वाटेल ते द्या, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला कळत होता. तरी मी चिडले. म्हटलं, "माळ माझ्या मुठीत आहे म्हणून देव काय आंधळा झाला?" हे हसले आणि कुशीवर वळले. चौथ्या दिवशी मीच ती माळ पुन्हा त्यांच्या गळ्यात घातली. तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं.

मूलबाळ नाही. आता माठ दोन-दोन दिवस भरावा लागत नाही आणि एका भाकरीसाठी तवा तापवणं जिवावर येतं. मला फार एकटं वाटतं, हे सांगायलाही घरात कुणी नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी मातीची नवी घागर भरतात. तिच्यापुढे पुरणपोळी-आमरसाचं पान मांडतात, त्याच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतात. यंदा ह्यांची पहिलीच घागर. मी सकाळीच बाटली काढली. उघडायचं यंत्र आमच्या घरात कुठलं! लाटण्याच्या टोकानं बूच आत ढकललं, तर ओटाभर लाल शिंतोडे. आमरसाशेजारी एका वाटीत वाइन ठेवली.

घास टाकायला थोरले दीर आले. सगळे त्यांना नाना म्हणतात, आणि तेही माळकरीच.

"हाई काय शे?" नानांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, दवाखान्यातलंसुद्धा. वाटलं, आता उठून जातील. पण नानांनी स्वतःच्या हातानं वाटी घागरीजवळ सरकवली. "त्यानी मांगी ना? मंग राहू दे," म्हणाले.

नाना जेवून गेले. गेलेल्या माणसाचं पान टाकायचं नसतं, ते घरच्यांनी संपवायचं. घरचं माणूस म्हणजे मी एकटी. पोळी संपली, रस संपला, वाटी तेवढी राहिली. शेवटी तोंडाला लावली. आधी जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळली, मग मिरीसारखं काहीतरी चुरचुरलं, आणि छातीत सावकाश ऊब उतरत गेली. मी मनात देवाला विनवत होते, वाईट लागू दे रे. कडू लागू दे, नासलेली निघू दे, म्हणजे ह्यांचं काही राहून गेलं नाही, असं स्वतःला सांगता येईल.

पण चांगली होती. फार चांगली होती.